जुन्या मोटारसायकलीचा जीर्णोद्धार आणि तिचे मूल्य : शिरूर-दौंड परिसराच्या संदर्भात एक साधन-चिकित्सा

प्रस्तावना :

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि दफ्तरे आपल्या डोळ्यांसमोर येतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील ग्रामीण महाराष्ट्राचा इतिहास अभ्यासताना मात्र एवढी साधने पुरेशी पडत नाहीत. त्या काळाचा बराचसा पुरावा कागदावर नसून गोठ्यात, पडवीत आणि विहिरीवरच्या खोलीत पडून आहे. बंद पडलेले ऑइल इंजिन, गंजलेली मोट आणि पोत्यांखाली झाकलेली जावा, बुलेट किंवा राजदूत ही त्याची उदाहरणे होत. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या तालुक्यांत अशा मोटारसायकली आजही आढळतात. त्यांपैकी एखादी गाडी बाहेर काढली जाते तेव्हा घरातील माणसे मेकॅनिकला एकच प्रश्न विचारतात : "ही पुन्हा उभी करण्याच्या लायकीची आहे का?"

हा प्रश्न वरवर पाहता तांत्रिक व आर्थिक स्वरूपाचा वाटतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, तो मूलतः इतिहासाच्या पद्धतीशास्त्राचा प्रश्न आहे. गाडीत किती विश्वसनीय पुरावा शिल्लक आहे आणि जीर्णोद्धारानंतर त्यातील किती टिकणार आहे, यावर तिचे मूल्य ठरते. गाडी किती पूर्ण आहे किंवा ती किती चकाकेल, हे निकष दुय्यम होत.

उद्दिष्टे :

१. शिरूर-दौंड परिसरात मोटारसायकलीने बजावलेल्या भूमिकेची ऐतिहासिक पार्श्वभूमी मांडणे.
२. बाह्य व अंतर्गत परीक्षण या इतिहास-संशोधनातील पद्धती जुन्या मोटारसायकलीस लागू करून पाहणे.
३. जीर्णोद्धारामागील मूल्यकल्पना आणि २०२१ चे व्हिंटेज वाहनविषयक नियम यांचा परस्परसंबंध तपासणे.

परिसराची पार्श्वभूमी :

शिरूर आणि दौंड हे शेजारचे तालुके असले तरी त्यांच्या मुख्य गावांची घडण वेगळी आहे. घोड नदीच्या काठचे शिरूर, म्हणजे लोकांच्या तोंडचे घोडनदी, हे रस्त्यावरचे गाव होय. पेशवाईच्या अखेरीस येथे इंग्रजांची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ रोजी कोरेगाव भीमाकडे निघालेली तुकडी याच छावणीतून निघाली. पुणे-अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) मार्गामुळे शिरूरची बाजारपेठ वाढली, परंतु रेल्वे तेथे पोहोचली नाही. भीमेच्या काठचे दौंड मात्र रेल्वेने घडवले. पुणे-सोलापूर लोहमार्गावरील या स्थानकापासून १८७८ मध्ये मनमाडपर्यंतचा मार्ग सुरू झाला आणि दौंड हे जंक्शन झाले. मुठा उजव्या कालव्याच्या पाण्यावर दौंड तालुक्यात ऊस वाढला, यवत-केडगाव पट्ट्यात गुऱ्हाळे उभी राहिली आणि पाटस येथे सहकारी साखर कारखाना झाला. याउलट शिरूर तालुक्याचा बराच भाग दीर्घकाळ जिरायतीच राहिला.

रस्त्याचे गाव आणि रेल्वेचे गाव यांना न्हावरे-चौफुला मार्ग जोडतो. शेत, वस्ती, दूध संकलन केंद्र, बाजार आणि स्थानक यांतील अंतर बैलगाडीला फार आणि एस.टी.ला गैरसोयीचे होते. हे अंतर प्रथम सायकलीने आणि पुढे मोटारसायकलीने भरून काढले. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवलेली राजदूत हे या काळाचे प्रातिनिधिक चित्र म्हणावे लागेल. शहरात हौसेची असलेली मोटारसायकल येथे प्रामुख्याने कष्टाचे वाहन होती. मूल्यनिर्णय करताना या फरकाचे भान ठेवणे आवश्यक आहे.

या भागात कोणत्या गाड्या आढळतात?

पहिला गट दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश लष्करी मोटारसायकलींचा होय. बी.एस.ए. एम-२०, नॉर्टन १६-एच आणि मॅचलेस जी-३/एल या गाड्या युद्धकाळात मोठ्या संख्येने तयार झाल्या. एकट्या एम-२० ची संख्या एक लाखाच्या वर गेली होती. युद्धानंतर लिलावात निघालेल्या लष्करी गाड्या खाजगी मालकांकडे आल्या. अशा गाड्या आज अत्यंत विरळ आहेत.

दुसरा आणि अधिक महत्त्वाचा गट स्वातंत्र्योत्तर भारतीय उत्पादनाचा आहे. १९५५ साली मद्रास येथे एन्फिल्ड इंडियाची स्थापना होऊन ३५० सी.सी. बुलेटची जुळणी सुरू झाली. १९६०-६१ च्या सुमारास म्हैसूर येथे आयडियल जावा कंपनीने चेकोस्लोव्हाकियाच्या सहकार्याने २५० सी.सी. जावाचे उत्पादन आरंभले. १९७३ पासून हीच परंपरा 'येझदी' या नावाने पुढे चालली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत १७५ ही पोलंडच्या एस.एच.एल. गाडीवर आधारलेली होती.

१९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्यानंतर उत्पादनावर परवान्यांची मर्यादा होती आणि आयातीवर निर्बंध होते. त्यामुळे गाडी टाकून देणे मालकाला परवडत नसे. ती पुनःपुन्हा दुरुस्त केली जाई. लेथवर बुश कातून बसवले जात, फुटलेला स्टँड गावातील लोहार किंवा वेल्डर जोडून देई आणि एका गाडीचे भाग दुसऱ्या गाडीस लावले जात. १९८५ मध्ये हिरो होंडा सी.डी. १०० सारखी कमी पेट्रोल खाणारी फोर-स्ट्रोक गाडी आली, त्यानंतर जुन्या टू-स्ट्रोक गाड्या हळूहळू पडवीत गेल्या. अशा प्रकारे आज हाती येणाऱ्या बहुतेक गाड्या 'कारखान्यातून निघाल्या तशा' नसतात. त्या अनेक हातांनी घडवलेल्या असतात.

बाह्य परीक्षण : अस्सल की नक्कल?

कागदपत्राच्या बाह्य परीक्षणात आपण कागद, शाई, अक्षर, शिक्का आणि कालनिर्देश तपासतो. राजवाडे यांच्यापासून मराठी इतिहास-संशोधनाने अस्सल कागदाचा आग्रह धरला आहे. मोटारसायकलीच्या बाबतीत हा आग्रह चासी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि नोंदणी-पुस्तक या तिहींच्या जुळणीत व्यक्त होतो. परिवहन कार्यालयातील कामासाठी चासी क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलने छाप घेण्याची पद्धत परिचित आहे. शिलालेखाचा ठसा घेण्याचीच ही धाकटी आवृत्ती होय. ठोकलेल्या अंकांची खोली, त्यांची ओळ आणि भोवतालच्या धातूचा पृष्ठभाग बारकाईने पाहिल्यास नंतर ठोकलेला क्रमांक बहुधा ओळखू येतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जावा आणि येझदी एकाच कुळातील असल्याने येझदीच्या सांगाड्यावर जावाची टाकी व नावपट्टी चढवून 'जावा' तयार करणे कठीण नाही. पानिपतानंतर प्रकटलेल्या भाऊसाहेबांच्या तोतयाप्रमाणे अशी गाडी ओळखीच्या माणसांनाही फसवते. टाकीवरील नाव हा पुरावा नव्हे. पुरावा सांगाड्यावरील क्रमांकात आणि नोंदणी-पुस्तकातील उत्पादन-वर्षात असतो.

याची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. क्रमांक न जुळणे हा प्रत्येक वेळी लबाडीचा पुरावा ठरत नाही. लष्करी गाड्यांची इंजिने लष्कराच्या कार्यशाळांतच बदलली जात. १९८० व १९९० च्या दशकांत शेतकऱ्यांनी इंधनखर्च वाचवण्यासाठी काही बुलेटना डिझेल इंजिने बसवून घेतली. अशा बदलाची नोंद पुस्तकात असेल तर तो गाडीच्या चरित्राचा भाग मानावा लागतो. नोंद नसेल तर तो कायदेशीर दोष ठरतो. दोन्ही प्रसंगी लोखंड तेच असते. फरक असतो तो नोंदीचा.

मालकी हा बाह्य परीक्षणाचा अखेरचा आणि सर्वाधिक दुर्लक्षिला जाणारा भाग आहे. मूळ मालक हयात नसल्यास वारसांना नमुना ३१ द्वारे नोंदणी आपल्या नावे करून घ्यावी लागते. विक्रीने आलेल्या गाडीसाठी नमुने २९ व ३० आणि हरवलेल्या पुस्तकाच्या दुय्यम प्रतीसाठी नमुना २६ लागतो. आजोबांच्या नावावरची गाडी नातवाने हजारो रुपये खर्चून उभी करावी आणि चुलत्यांची संमती नसल्याने ती कोणाच्याच नावावर होऊ नये, असा प्रसंग ओढवू शकतो. म्हणून पान्याला हात घालण्यापूर्वी ट्रंकेतील कागद शोधावेत, हा क्रम कटाक्षाने पाळावा.

अंतर्गत परीक्षण : झीज काय सांगते?

अंतर्गत परीक्षणात साधन काय सांगते आणि ते कितपत विश्वसनीय आहे, हे पाहिले जाते. मोटारसायकलीची भाषा झिजेची आहे. किटल्यांच्या लोखंडी चौकटीने मागील मडगार्डावर पाडलेले वळ, कॅरिअर जोडताना सांगाड्यावर केलेले वेल्डिंग, किकच्या पायाने गुळगुळीत झालेला रबर आणि टाकीवर गुडघ्यांनी उडवलेला रंग यांतून गाडी कोणी, कशासाठी आणि किती काळ वापरली याचा अंदाज बांधता येतो. रंगाचे थरही महत्त्वाचे आहेत. टाकीच्या तळाशी किंवा हेडलाइटच्या आत कारखान्याचा मूळ रंग बहुधा टिकून असतो. तो खरवडण्यापूर्वी पाहणे, त्याचे छायाचित्र घेणे आणि शक्य तर त्याचा तुकडा जपणे आवश्यक आहे.

यांत्रिक परीक्षणातही घाई घातक ठरते. टू-स्ट्रोक इंजिनात वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की तेलाचा पातळ थर सुकतो, ओलावा शिरतो, क्रँकचे बेअरिंग गंजतात आणि पिस्टनच्या रिंगा अडकतात. गाडी सापडताच जोराने किक मारणे म्हणजे जीर्ण पोथीची चिकटलेली पाने ओढून उघडणे होय. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, काही दिवस थांबावे आणि मग इंजिन हाताने सावकाश फिरवून पाहावे.

इंजिन जाम असणे हे गाडी नाकारण्याचे कारण नव्हे. सिलिंडर रिबोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवता येतो आणि क्रँक नव्याने भरून मिळतो. पुण्याच्या नाना पेठेत व जुन्या बाजारात यंत्रभाग शोधण्याची परंपरा आहे. खरी अडचण पत्र्याच्या व ओळखीच्या भागांची असते. मूळ टाकी, साइड बॉक्सची झाकणे, मडगार्ड, हेडलाइट, स्पीडोमीटर आणि नावपट्ट्या एकदा हरवल्या की बाजारात मिळते ती बहुधा नक्कल. म्हणून बंद पण अस्सल पत्रा असलेली गाडी ही चालू पण सरमिसळ झालेल्या गाडीपेक्षा जीर्णोद्धारास अधिक योग्य मानावी. बाजारातील सर्वसामान्य ग्राहक नेमका याच्या उलट निर्णय घेतो.

एक अनुभव :

प्रस्तुत लेखकाच्या घरातील उदाहरण येथे नोंदवणे अप्रस्तुत ठरणार नाही. दौंड तालुक्यातील आमच्या वस्तीवर आजोबांची जावा होती. पहाटे दूध आणि दुपारी कारखान्याचे काम अशी तिची दिनचर्या असे. आजोबांनंतर ती अनेक वर्षे गोठ्यालगत उभी होती. वडिलांच्या निवृत्तीच्या निमित्ताने आम्ही भावंडांनी ती एका गॅरेजकडे सोपवली आणि "अगदी नवीन करून द्या" एवढेच सांगितले.

गाडी खरोखरच नव्यासारखी होऊन आली. टाकी लखलखीत होती, सायलेन्सर आरशासारखे होते आणि इंजिन दुसऱ्या किकला सुरू झाले. वडिलांनी तिला एक फेरा मारला आणि मग मागील मडगार्डाकडे बराच वेळ पाहत उभे राहिले. तेथे आजोबांनी गावच्या पेंटरकडून गावाचे नाव लिहून घेतले होते. ते खरवडले गेले होते. किटल्यांची चौकट भंगारात गेली होती. टाकीवरचा खळगा कोणत्या बांधावर पडला हे आजी सांगत असे. तो लांबी भरून सपाट केला होता. ग्राइंडर फिरवताना इंजिन क्रमांकाचे दोन अंक पुसट झाल्याचे पुढे नोंदणीच्या वेळी ध्यानात आले. दोष केवळ गॅरेजचा म्हणता येत नाही. काय राखायचे, हे आम्ही सांगितलेच नव्हते, कारण ते आम्हालाच ठाऊक नव्हते. इतिहास शिकवणाऱ्या माणसाच्या घरी हे घडले, हे येथे मुद्दाम नमूद करतो.

मूल्यांचा संघर्ष :

या अनुभवाचे स्पष्टीकरण ऑस्ट्रियन कला-इतिहासकार आलोइस रिगल यांच्या १९०३ मधील विवेचनात सापडते. वास्तू-स्मारकांच्या संदर्भात त्यांनी वय-मूल्य, इतिहास-मूल्य, उपयोग-मूल्य आणि नवेपणाचे मूल्य असा भेद केला. काळाच्या खुणा दिसण्यात वय-मूल्य असते, तर त्या पुसण्यात नवेपणाचे मूल्य असते. ही दोन्ही एकाच पृष्ठभागावर एकत्र नांदू शकत नाहीत. आपल्याकडील हेमाडपंती मंदिरांच्या दगडावर भक्तिभावाने दिलेला ऑइलपेंट हे या संघर्षाचे परिचित उदाहरण आहे. तेथे भावना खरी असते, परंतु दगड झाकला जातो.

जुन्या वाहनांच्या बाबतीत फिवा या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेली तुरीन सनद याच विचाराचा विस्तार करते. वास्तू-संवर्धनाच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेचा तिला आधार आहे. जतन, संवर्धन आणि जीर्णोद्धार या पायऱ्या वेगळ्या मानाव्यात आणि वाहनाच्या वापरकाळातील बदलांनाही त्याच्या इतिहासाचा भाग समजावे, असा तिचा आशय आहे. शिरूर-दौंडच्या दूधवाहू राजदूतला हा विचार विशेष लागू पडतो. किटल्यांची चौकट काढून तिला जाहिरातीतील गाडीसारखी करणे म्हणजे तिने कधी न जगलेले आयुष्य तिच्यावर लादणे होय.

कायद्याची चौकट :

केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केली. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात भरीव फेरबदल न झालेली दुचाकी व खाजगी चारचाकी वाहने त्यात येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे वैध असते; पुनर्नोंदणीचे शुल्क ५,००० रुपये आहे. क्रमांकपट्टीवर राज्याच्या संकेताक्षरांनंतर 'व्ही.ए.' ही अक्षरे येतात. अशा वाहनाचा वापर प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली आणि देखभाल यांपुरता मर्यादित असतो. दैनंदिन वापरास ते चालत नाही.

या तरतुदीचे दोन परिणाम संभवतात. पहिला असा की, १९६० च्या दशकातील सर्व जावा वयाच्या अटीत बसतात आणि येझदीच्या आरंभीच्या गाड्या २०२३ पासून त्या मर्यादेत येऊ लागल्या. दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. अतिउत्साहात केलेला 'जीर्णोद्धार' गाडीला व्हिंटेज या संज्ञेपासूनच दूर नेऊ शकतो. म्हणजे जो निष्कर्ष इतिहासाची पद्धत सुचवते, त्याच दिशेला कायद्याची शब्दयोजनाही बोट दाखवते.

आजच्या वापराचा एक व्यावहारिक मुद्दाही येथे नोंदवावा लागेल. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ पर्यंत वीस टक्क्यांवर आले. इथेनॉल ओलावा शोषून घेते आणि जुन्या रबरी नळ्या व कार्ब्युरेटरमधील सील यांना ते मानवत नाही. ज्या उसाने या परिसरात मोटारसायकल आणली, त्याच उसाचे इथेनॉल आज तिच्या टाकीला बाधते. म्हणून उभी करून ठेवायची गाडी टाकी रिकामी करून ठेवावी आणि रबरी भाग नव्या इंधनास चालतील असे बसवून घ्यावेत. असा बदल गाडीचे मूळ स्वरूप बिघडवीत नाही.

निष्कर्ष :

१. जुन्या मोटारसायकलीचे परीक्षण कागद व मालकी, सांगाडा व क्रमांक, पत्रा व ओळखीचे भाग आणि शेवटी इंजिन या क्रमाने करावे. प्रत्यक्षात हा क्रम बहुधा उलटा पाळला जातो.
२. स्थानिक दुरुस्त्या व जोडकामे हा सरसकट दोष नव्हे. टंचाईच्या काळातील ग्रामीण तंत्रकौशल्याचा तो पुरावा आहे. कोणती दुरुस्ती राखावी आणि कोणती काढावी याचा निर्णय नोंद व छायाचित्रे घेतल्यानंतरच करावा.
३. ज्या गाडीचे कागद नाहीत आणि सांगाडाही संशयास्पद आहे, ती गाडी स्वस्त मिळाली तरी महाग पडते. तिचे भाग दुसऱ्या अस्सल गाडीस उपयोगी पडू शकतात.
४. काही गाड्यांच्या बाबतीत जीर्णोद्धार न करणे, म्हणजे केवळ गंज थांबवणे, इंजिन फिरते ठेवणे आणि बाकी सर्व तसेच राखणे, हाच योग्य निर्णय असतो.
५. शिरूर व दौंड येथील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांकरवी आपापल्या गावातील जुन्या वाहनांची नोंद, छायाचित्रे आणि मालकांच्या आठवणी संकलित केल्यास स्थानिक इतिहासाचे एक दुर्लक्षित दालन खुले होईल. याला मोठा निधी लागत नाही, मात्र वेळ थोडा आहे. गाडी अजून गोठ्यात असली तरी तिच्यावरचा खळगा कशाने पडला हे सांगणारी पिढी झपाट्याने सरत आहे.